टाइप करत आहे

यमुताईंच्या त्या पत्राचं उत्तर आपण कधी दिलंच नाही, हे रुपरावांना पुन्हा एकदा आठवलं ते सांभाराच्या जुडीवरून.

खाली गल्लीत प्रीतमची भाजीची गाडी उभी होती. रुपराव वरच्या खिडकीत पेपर उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. यमुताईंच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि पट्टीखाली कापडी पिशवीत फोन लटकलेला. त्यांनी फोन काढला, एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं आणि प्रीतमच्या तोंडासमोर धरला. फोनमधून बाईचा आवाज आला. गाडी उशिरा धावत असल्याचं स्टेशनवर सांगतात ना, तसा स्वच्छ आणि न दमणारा.

"वांगे किडके आहेत. सांभार फुकट दे."

"काकू, गळा गेला पण घासाघीस नाही गेली तुमची," प्रीतम म्हणाला आणि कोथिंबिरीची हिरवीगार जुडी पिशवीत टाकली. यमुताई हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

रुपरावांनी पेपर वर केला. त्या जिना चढून आल्या. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला, पिशवी दाखवली, हाताने जेवणाची खूण केली आणि आत गेल्या. रोज असंच होई. फोनमधून त्या भाजीवाल्याशी बोलत, शेजारच्या भावनाशी तासन्‌तास बोलत, पुण्याच्या वैभवीशी, म्हणजे लेकीशी, भांडतसुद्धा. फक्त नवऱ्याशी बोलायची वेळ आली की फोन पालथा होई.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी यमुताईंचा आवाज महाल भागातल्या त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. जाडाभरडा, मध्येच फाटणारा आवाज. त्याला कोणी गोड म्हटलं नसतं. रुपराव बाजारातून सांभार आणायला विसरले की त्या स्वयंपाकघरातूनच म्हणत, "आणाल, आणाल. आमच्या चिठ्ठीचं उत्तर येईन, तवा सांभारही येईन." जन्मभर हा टोमणा पुरला. वीजबिल भरायचं राहिलं, तरी चिठ्ठी. जावयाला फोन करायचा राहिला, तरी चिठ्ठी.

ती चिठ्ठी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. नवी नवरी माहेरी रामटेकला गेली होती आणि तिथून तिने निळ्या अंतर्देशीय पत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: इकडे आंबे पिकले. गाय व्याली. मले नेयाले कधी येता ते लिहा.

रुपराव तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतेच लागले होते. पुस्तकांच्या कपाटांत त्यांचा जीव रमे, माणसांत गुदमरे. उत्तर लिहायला बसले आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्यांना कुठल्यातरी पुस्तकातून उचलल्यासारखं वाटलं. 'प्रिय' लिहिलं, तर फार झालं. नाही लिहिलं, तर तहसीलदाराला अर्ज केल्यासारखं झालं. लिहायचं आणि फाडायचं. असं करता करता आंबे संपले. शेवटी थोरला भाऊच रामटेकला गेला आणि तिला घेऊन आला. आपल्या बायकोला आणायला आपण गेलो नाही, ही गोष्ट रुपराव कोणाशी बोलले नाहीत. बोलायचं तरी काय?

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. नंतर दवाखान्यात नर्सने एक पाटी दिली. यमुताईंनी त्या पाटीवर नर्ससाठी लिहिलं, डॉक्टरांसाठी लिहिलं. रुपरावांनी पाटी पुढे केली, तेव्हा मात्र हाताने बाजूला सारली. वाटलं, दुखत असेल. मग वैभवी सुट्टी काढून आली आणि तिने आईच्या फोनमध्ये ते ॲप टाकलं. लिहायचं, बटण दाबायचं, की फोन बोलतो. आईला ते दोन दिवसांत जमलं. "बाबा, तुमच्यापेक्षा आई हुशार निघाली," वैभवी म्हणाली. रुपरावांनी मान डोलावली. त्यांना खरंच आनंद झाला होता. आता ही पुन्हा बोलेल, सांभारावरून बोलेल, असं त्यांना वाटलं होतं.

ती सगळ्यांशी बोलली.

रुपराव रात्रंदिवस कारण शोधत राहिले. पहिल्यांदा घसा बसला, तेव्हा आपण काढा दिला आणि डॉक्टरकडे उशिरा नेलं, म्हणून असेल. दवाखान्यात आपण पुस्तक वाचत बसायचो, म्हणून असेल. विचारायचं मात्र धाडस होईना. समोर बसावं, घसा खाकरावा आणि म्हणावं, "ऊन वाढून राहिलं." यमुताई मान हलवीत. संपलं.

मग रामदासपेठेतल्या दवाखान्यात शेवटची तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काही लपवलं नाही. दोघांनाही समोर बसवून सांगितलं की आजार खाली छातीत उतरला आहे, आता औषध दुखणं कमी करण्यापुरतंच. जिथे बरं वाटेल तिथे राहा. यमुताईंनी फोनवर लिहिलं आणि ती स्टेशनवरची बाई म्हणाली, "रामटेकला जाते."

त्यांचा धाकटा भाऊ भैय्याजी गाडी घेऊन आला. त्याच्या शेतातला धान कापणीला आला होता, तरी आला. "भाऊजी, तुम्हीबी चला," तो म्हणाला. रुपरावांनी यमुताईंकडे पाहिलं. एक खूण, एखादी भुवई, काहीही पुरलं असतं. त्या खिडकीतून गल्लीकडे बघत होत्या. त्यांना आपल्यापासूनच सुटका हवी असेल, असं रुपरावांच्या मनाने घेतलं.

"जाऊन ये," ते म्हणाले.

गाडी गेली आणि घर असं शांत झालं की घड्याळाचीसुद्धा भीती वाटावी.

वैभवीने पुण्याहून ठणकावलं की आईशी रोज व्हिडिओ कॉल करा, फोन कशासाठी आहे? त्यांनी केला. पडद्यावर यमुताई दिसल्या. खाटेवर, उशीला टेकून, गालफडं बसलेली. मागे भिंतीवर खुंटीला भैय्याजीची टोपी. रुपराव बघत राहिले, त्याही बघत राहिल्या. एकीला बोलता येत नव्हतं आणि एकाला सुचत नव्हतं. "जेवली का?" त्यांनी विचारलं. मान हलली. "थंडी पडली का तिकडे?" मान हलली. मग यमुताईंचा हात थकला असावा. पडद्यावर छताचा पंखा आला आणि बराच वेळ पंखाच राहिला. रुपरावांनी कॉल बंद केला नाही. पंख्याकडेच बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिहायला घेतलं. चष्मा पुसून टेबलाशी बसायचं, व्हॉट्सॲप उघडायचं आणि बोटाने एकेक अक्षर दाबायचं. 'तू माझ्यावर रागावली आहेस का?' खोडलं. आजारी माणसाला असं विचारतात का? 'माझं चुकलं.' खोडलं. नेमकं काय चुकलं, असं तिने विचारलं तर? 'तुझ्याशिवाय करमत नाही.' हे तर ताबडतोब खोडलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकच समाधान होतं. कागद फाडावे लागत नव्हते. खोडलेलं कुठे राहत नव्हतं, कोणाला दिसत नव्हतं. निदान त्यांना तरी असं वाटत होतं.

आठवडाभराने भैय्याजीचा फोन आला. आधी तब्येतीचं बोलला. खाणं बंद झालंय, पेजेवर आहे. मग जरा अडखळला. थोरल्या बहिणीला तो 'बाई'च म्हणे.

"भाऊजी, एक विचारू का? रागावू नका. तुम्ही बाईले काय लिहून राहिले?"

"काही नाही. कुठे काय?"

"मंग तिच्या फोनात काहून दिसते? 'टाइप करत आहे' असं येते वर, तुमच्या नावाखाली. बाई फोन हातात घेऊनच बसते. येते, बंद होते, पुन्हा येते. पण मेसेज काही येत नाही. पोरगी म्हणे, आत्या, ठेव तो फोन. तर नाही ठेवत. दुपारभर बघत राहते."

पूर्वीचे कागद तरी रुपरावांनी एकट्याने फाडले होते. आता प्रत्येक कागद तिच्या डोळ्यांदेखत फाडला गेला होता. ती तिकडे बसून बघत होती: सुरू केलं, थांबले, सुरू केलं, थांबले.

"काही नाही," ते भैय्याजीला म्हणाले, "बोट लागत असेल."

त्यानंतर त्यांनी फोनला हात लावायचं सोडलं. वाजला की दचकत. चहा केला की दोन कप होत, आणि दुसरा तसाच निवून जाई. जेवणाचा डबा भावना आणून देई. ती शेजारच्याच खोलीत ब्लाउज शिवायची. यमुताईंच्या फोनची पिशवीसुद्धा तिनेच शिवली होती. त्या दिवशी डबा ठेवून ती गेली नाही. दारातच उभी राहिली.

"काका, काकूचा मेसेज आला होता परवा, त्या ॲपातून बोललेला. तुम्हाले ऐकवजो नको म्हणते. पण माझ्याच्यानं राहवून नाही राहिलं."

तिने बटण दाबलं. तोच स्वच्छ, अनोळखी आवाज घरात घुमला. यमुताईंचे शब्द त्या बाईच्या तोंडी नीट बसत नव्हते, पण होते त्यांचेच.

"भावना, त्यायले डबा देत जाजो. भाजीत तेल कमी टाकजो. तू विचारत होती ना, त्यायच्याशी काहून नाही बोलत म्हणून. लाज वाटते वं. ह्या बाईच्या आवाजात त्यायच्याशी कशी बोलू? जन्मभर त्यायनं माझा आवाज ऐकला. आता हिचा ऐकतीन, तर माझा विसरतीन. मंग मी गेल्यावर घरात हीच बाई राहीन. आन लिहून देयाचं म्हणशीन, तर त्यायले लिहून उपयोग नाही. उत्तर येत नाही."

शेवटचं वाक्य ऐकून भावना डोळ्याला पदर लावता लावता हसली. रुपराव हसले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा लावायला सांगितलं. त्या बाईच्या आवाजाखाली ते दुसरा आवाज ऐकत होते. जाडाभरडा, शेवटी फाटणारा. 'उत्तर येत नाही' मधला 'नाही' यमुताईंनी कसा ओढला असता, ते त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आलं. विसरले नव्हते. हे तरी तिला कळायला हवं होतं.

भावना गेल्यावर त्यांनी कपाटातून जुनं अंतर्देशीय पत्र काढलं. कधीतरी आणून ठेवलेलं, कोरं. त्यावर किंमत जुनी होती, म्हणून बाजूला ठेवून साधा कागद आणि पाकीट घेतलं. आणि लिहिलं. कुठे थांबले नाहीत, वाचूनही पाहिलं नाही, कारण वाचलं असतं तर संपलं असतं.

'यमू, तुझं पत्र मिळालं. आंबे पिकल्याचं वाचलं. उत्तराला फार उशीर झाला. तुझा आवाज मी विसरलेलो नाही, विसरणार नाही. तू त्या बाईच्या तोंडून बोललीस तरी मला तुझाच ऐकू येतो, म्हणून बोलत जा. बुधवारी तुला न्यायला येतो. दादाला पाठवत नाही, मीच येतो. रुपराव.'

पाकीट चिकटवलं आणि उशीखाली ठेवून झोपले.

सकाळी तोंड धुताना फोन वाजला. भैय्याजी होता. रुपराव म्हणाले, बुधवारी तिला न्यायला येतो. भैय्याजीचा आवाज आज बारीक होता.

"भाऊजी, नेयाचं-बियाचं आता काही मनात आणू नका. तुम्हीच या. आज निघाले तर बरं होईन. बाई डोळे उघडते, पण ओळख देत नाही. फोन उशाशीच आहे, पण चार्जिंगलेबी कोणी लावला नाही. कोण पाहते आता?"

भावना धावत आली. तिला पाकिटाचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, फोडा काका, फोटो काढून पाठवते, भैय्याजी मामाला सांगा वाचून दाखवायला. मग थांबली. दुसऱ्याने वाचून दाखवायचं पत्र ते नव्हे, हे तिचं तिलाच उमगलं. तिने काकूच्या नंबरावर नुसतं लिहून पाहिलं: काका निघाले. मेसेजपुढे एकच टिक आली. दुसरी काही उमटेना.

रुपरावांनी सदरा घातला, औषधांची पिशवी घेतली, पाकीट खिशात घातलं. बस स्टँडला जाणारा ऑटो त्यांनी पोस्टाच्या पेटीपाशी थांबवायला लावला. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. म्हातारा घाई आहे म्हणत होता आणि आता पेटीसमोर नुसता उभा.

पत्रातला मजकूर खोटा ठरला होता. बुधवार लांब होता. न्यायचं राहिलं नव्हतं. उत्तर वाचणारे डोळे ते पोचेपर्यंत उघडतील की नाही, कोणी सांगावं? हे पाकीट पोस्टमन देईल, तेव्हा बहुधा आपणच त्या दारात उभे असू. शहाणा माणूस असता तर त्याने पाकीट फोडून नव्याने लिहिलं असतं. रुपरावांची बोटं पाकिटाच्या कडेवर आलीच. जन्माची सवय होती ती.

"काका, बस सुटून जाईन ना," ऑटोवाला म्हणाला.

त्यांनी पत्ता एकदा वाचला. सौ. यमुताई, रामटेक. मग हात पेटीच्या तोंडातून मनगटापर्यंत आत घातला आणि बोटं उघडली. पाकीट तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला. तो नीट ऐकेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढला नाही.