तपासणीच्या खोलीची बोहनी

म्हसावदच्या बाजारपेठेत केवलचंदशेठच्या कापडदुकानात बोहनी झाल्याशिवाय चहा येत नसे. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाता कामा नये, मग भाव पडला तरी बेहत्तर, हा त्याच्या वडिलांचा नियम. केवलचंदनं आयुष्यात बाकीचे पुष्कळ नियम मोडले होते, हा एक तेवढा पाळला होता.

मोडलेल्या नियमांपायीच त्याला एचआयव्ही झाला. ते फक्त त्याच्या बायकोला, झमकूबाईला, माहीत होतं. ती आधी वर्षभर बोलली नाही आणि मग जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. गोळ्या आणायला तो नंदुरबारच्या सेंटरवर जाई, जवळपास कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. गावात सांगे, माल घ्यायला चाललो. रिकाम्या हातानं परत कसं यायचं म्हणून दर खेपेला रुमालांचा गठ्ठा उचलून आणी. आता दुकानात रुमाल इतके झाले होते की अख्ख्या म्हसावदला एकदम सर्दी झाली असती तरी पुरून उरले असते.

एवढं करून ओळखीचं भेटायचं ते भेटलंच. सातपुड्यातल्या पाड्यावरचा जालमसिंग पावरा, दर होळीला त्याच्याच दुकानातून कापड नेणारा, एके दिवशी त्याच बाकावर गोळ्यांसाठी बसलेला दिसला. दोघंही खजील झाले, मग हसले, आणि न बोलता एक ठराव झाला. बाकावर दोघं जिवलग, आणि दुकानात मात्र कोण तू नि कोण मी. जालमसिंग दुकानात आला की दोघं भावावरून असे हमरीतुमरीवर येत की शेजारचा दुकानदार सोडवायला धावे.

त्या दिवशी सेंटरवर तरुण डॉक्टर वळवी मॅडमनी एक नवी खोली उघडली होती. त्यांनी बाकावरच्या सगळ्या पुरुषांना उभं राहून समजावलं. एचआयव्ही असलेल्या पुरुषांना शौचाच्या जागेचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, लवकर सापडला तर बरा होतो, हातमोजा घालून बोटानं तपासायचं, दोन मिनिटांचं काम. मॅडम बोलत होत्या तोवर सगळा बाक फरशी निरखत होता. त्या आत गेल्या आणि बाकाला वाचा फुटली. एकाला एसटी आठवली, एकाला उपास. एक जण म्हणाला, आज आंघोळच केलेली नाही. आणि एक मिशीवाला म्हणाला की त्या खोलीत जो जाईल तो 'तसला', हे उद्या गावभर होणार. केवलचंदनं जोरात मान डोलावली. रोग पचवला होता, बायकोचं बोलणं पचवलं होतं, पण हे म्हणजे अतीच झालं.

मॅडम दोनदा दारात येऊन गेल्या. हातात मोजे, चेहऱ्यावर हसू, आणि गिऱ्हाईक शून्य. केवलचंद त्या दाराकडे बघत राहिला. दुपार झाली तरी बोहनी नाही. असं दुकान त्याला वैऱ्याचंही बघवलं नसतं.

तेवढ्यात त्याचं लक्ष जालमसिंगकडे गेलं. गडी बाकाच्या कडेला एका कुल्ल्यावर तिरका बसला होता. मागच्या खेपेलाही असाच बसला होता, हे केवलचंदला आत्ता आठवलं. त्यानं हळूच विचारलं, काय झालं?

जालमसिंगनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दोन महिनापासून रगत येस, शेठ. पाडाना भगतनी, बडवानी, मुळी दिधी, काही फरक नही."

केवलचंद त्याच्याजवळ सरकला. बारा भानगडींत सोबत करणारे पुष्कळ भेटतात, पण दवाखान्याच्या बाकावर सोबत करणारा त्याला हा एकच होता.

"मग मझार जा ना, त्या खोलीमा," तो म्हणाला.

"तुम्ही पहिले जा. दुकानमा तुम्ही काय सांगतस? हात लाया बिगर कापड कळस नही."

केवलचंदनं घासाघीस करून पाहिली. तू जा, मी दाराशी उभा राहतो. तू जा, होळीचं कापड पडत्या भावात देतो. जालमसिंग ढिम्म. शेठ गेला तर मी जाईन, नाहीतर एसटी गाठतो, एवढंच त्याचं म्हणणं. आणि तो खरंच पिशवी उचलून उठला.

मग केवलचंदही उठला. मिशीवाल्याच्या देखत धोतर सावरलं आणि आत गेला. मॅडमनी विचारायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, बोहनी करून घ्या."

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड पडद्याकडे. लाजेनं कानशिलं तापली, म्हणून तो पडद्यावरच बोलत सुटला. हे कापड कुणी दिलं तुम्हाला, एका धुण्यात विटेल, माझ्याकडे या. तो मीटरचा भाव सांगत होता तोवर मॅडमनी मोजे काढलेसुद्धा. काही नाही काका, पुढच्या वर्षी परत या.

बाहेर सगळा बाक त्याच्याकडे बघत होता. "दुखस का?" जालमसिंगनं विचारलं.

"दुखत नही. लाज वाटस, पण ती बी दोन मिनिटनी."

जालमसिंग आत गेला, आणि त्याला दोन मिनिटं पुरली नाहीत. मॅडम बाहेर आल्या तेव्हा हसत नव्हत्या. हाताला गाठ लागली होती, धुळ्याला नेऊन तुकडा तपासायला हवा होता. त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? केवलचंद म्हणाला, मी आहे. त्या हिवाळ्यात तो इतक्या वेळा 'माल घ्यायला' धुळ्याला गेला की दुकानात रुमालांच्या जोडीला टॉवेलही साठले. गाठ वाईटच होती, पण लहान होती, वेळेत सापडली होती. जालमसिंगला औषध चढवलं, लाइटचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, आणि मग तो डोंगरात आपल्या पाड्यावर परत गेला.

होळीच्या आधी एका सकाळी केवलचंदनं नुकतंच दुकान झाडलं होतं. झमकूबाई गल्ल्याजवळ, शेजारचा दुकानदार दारात. जालमसिंग पायरी चढून आला आणि ठरावाप्रमाणे अनोळखी चेहरा करून उभा राहिला.

केवलचंदनं सगळ्यांदेखत हाक मारली, "ये जालमदादा. आते तब्येत कशी शे?"

जालमसिंग क्षणभर गोंधळला. मग गादीवर आला आणि चांगली ऐसपैस मांडी घालून बसला. दोन्ही कुल्ल्यांवर. केवलचंदच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रुमालांनी भरलेल्या दुकानात त्यानं ते धोतराच्या सोग्याला पुसलं.

"बोहनी व्हयनी का, शेठ?"

"आते व्हयनी," केवलचंद म्हणाला, आणि त्यानं दोन चहा सांगितले.