गुरुजींच्या बायकोची खाज

महिपत गुरुजी निवृत्त झाल्याला सहा वर्षं होऊन गेली होती, पण ही गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातली नसावी. शाळा सुटली, शिकवायला घरात एकटी बायको उरली, सोनूबाई. त्यात तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि गुरुजींना नवा विषय मिळाला.

आठवड्यातून दोनदा दोघं एसटीने रत्नागिरीला डायलिसिसला यायची. डॉक्टर फेरीवर आले की विचारायचे, "काय मावशी, काही त्रास?" सोनूबाई तोंड उघडेपर्यंत गुरुजी उत्तर देऊन मोकळे. "छे, छे, उत्तम! पाणीसुद्धा मोजून देतो मी." डॉक्टर खूश होऊन पुढच्या खाटेकडे.

या उत्तम सोनूबाईला आठ महिने खाज सुटलेली होती. पाठ, दंड, पोटऱ्या. पुरळ नाही, फोड नाही, नुसती कातडीच्या आतून खाज. पडवीतल्या चिऱ्याच्या खांबाला ती म्हशीसारखी पाठ घासायची. झोपेचं तर नावच नको.

डॉक्टर किडनीचे, त्यांना कातडीचं काय सांगायचं, असं गुरुजींचं मत. निदान त्यांनीच केलं: अस्वच्छता. उपचारही त्यांचाच: कडुलिंबाचा पाला टाकलेलं कढत पाणी आणि उग्र साबण, दोन्ही वेळा. पाठ भाजून निघायची तेवढा वेळ खाज गप्प बसायची, मग कोरड्याठाक कातडीवर दुप्पट जोमाने उठायची.

"गुण येतोय," गुरुजी म्हणायचे. "आतलं बाहेर पडतंय."

मग जयगडच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला, नेमका डायलिसिसच्या दिवशी. शाल-श्रीफळ की बायको, हे ठरवायला गुरुजींना फार वेळ लागला नाही. सोनूबाई एकटी आली.

सुई टोचताना करुणा सिस्टरला तिच्या दंडावरचे ओरखडे दिसले. "मावशी, हे काय?"

सोनूबाई सवयीने शेजारी वळली. खुर्ची रिकामी होती.

"खाज येते वो," ती हळूच म्हणाली.

"किती? शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे सहन न होणारी."

"दहाच्या म्होरं काय हाय?"

सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाठ बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "आठ महिने? मी तर दर वेळी विचारतो."

"इचारता वो. पन उत्तर त्यांच्याकडनं घेता."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. किडनी गेलेल्या खूप जणांना अशी खाज सुटते, रक्तात फॉस्फरस साठला की ती वाढते, म्हणाले. फॉस्फरस कमी करायची गोळी कधी घेता? सकाळी, उपाशीपोटी, सोनूबाईने सांगितलं; गुरुजी म्हणतात, औषध उपाशीपोटीच लागू पडतं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. ती गोळी जेवणातल्या घासांबरोबरच घ्यायची, तरच अन्नातला फॉस्फरस धरते. कढत पाणी, साबण बंद. कोमट पाण्याने अंघोळ आणि ओलसर अंगावर साधं, बिनवासाचं मलम. शिवाय नसा शांत करणारी एक गोळी, अगदी कमी मात्रेत, फक्त डायलिसिस झाल्यावर.

पहिल्या गोळीने ती एसटीत अशी गाढ झोपली की गाव मागे पडलं आणि कंडक्टरने तिला शेवटच्या थांब्यावर उठवलं. डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. दीड महिन्यात खाज तीनवर आली. पुरती गेली नाही, पण खांबाला आराम पडला.

गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "कडुलिंबाला वेळ द्यावा लागतो." सोनूबाईने वाद घातला नाही. झोप होत असली की माणसाला असलं बरंच ऐकून घेता येतं.

पुढच्या फेरीला डॉक्टर आले. "काही त्रास?"

"छे, छे, उत्त—" गुरुजींनी सुरुवात केली.

"तुमी जरा गप बसा," सोनूबाई म्हणाली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. "डॉक्टर, मशीनवर असताना पायाला वांब येतात, पोटऱ्या आखडतात. आनि तोंडाला चव नाय. आनि..."

डॉक्टर लिहून घेऊ लागले. गुरुजींनी घड्याळात बघितलं. दुपारची एसटी आज काही मिळणार नव्हती.