स्तवनिधीचा नमस्कार

“टाके सुकेपर्यंत हा गुडघा वाकता कामा नये, आक्का. फळ्या सोडायच्या नाहीत.”

बेळगावच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरांनी हे ब्राह्मीला निघताना बजावलं होतं. कुस्तीत तिच्या जिनाप्पाचा गुडघा पिळवटला, आतली कूर्चेची चकती फाटून सांध्यात अडकली. डॉक्टरांनी तो तुकडा कापून काढला आणि पायाला फळ्या बांधून पोराला घरी धाडलं.

पण घरची, निपाणीची वाट स्तवनिधीच्या जैन तीर्थावरून जाते. लेक बरा झाला तर घराआधी देवापुढं गुडघे टेकील, असा तिचा नवस होता. तोवर तिनं तूप-गूळ सोडलेलं. उभ्यानं हात जोडले असते तरी देव रागावला नसता. तरी, “एकदाच टेकव रं,” म्हणत तिनं आपल्या हातांनी फळ्या सोडल्या. जिनाप्पा टेकला आणि किंचाळलाच.

आता पुन्हा दवाखान्यातली तीच खाट. टाके उसवलेले, गुडघा टरारून सुजलेला.

“कशानं झालं हे?” सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी विचारलं.

जप होईतो ब्राह्मीचं रोज मौन असे. तिनं मान खाली घातली.

“मीच बैठका मारल्या, सायेब,” जिनाप्पा म्हणाला.

शेजारच्या खाटेवरचा शहापूरचा विणकर भरमू खिदळला. “फळ्यांसकट व्हय रं, पैलवाना? लई दम हाय की!”

डॉक्टर हसले नाहीत. “सांधा पुन्हा उघडला तरच गुडघा वाकेल; पण जो ऐकत नाही त्याचा मी उघडणार नाही. प्लास्टर घालू. गुडघा जन्मभर ताठ राहील.” ते पुढच्या खोलीत गेले.

पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ब्राह्मी खाली बघून पाऊल टाकायची. आणि पोटच्या पोराचा सांधा? व्रतापायी गप्प बसले, असं देवाला सांगता आलं असतं. पण आज ते मौन आपल्याला आडोशासारखं वाटलं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

“खोटं का बोललास रं?”

जिनाप्पा दचकला. “आई, तुझं मौन!”

“मोडलं. सांग.”

“सायेब समद्यांम्होरं तुला बोलले असते. घरी आप्पांच्या कानावर गेलं असतं. ऱ्हाऊ दे ताठ तर ताठ.”

“न्हाय ऱ्हायचा. फळ्या मी सोडल्या, सायबास्नी मीच सांगीन. तुझी आण.”

तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि हळूच पुढच्या खोलीकडे चालू लागली.