बाहीतली टाचणी

मी एक जुनी टाचणी आहे. डोकं काळं पडलंय, कंबर वाकलीय. मित्रांनो, टाचणीच्या नशिबी तुकडेच जोडणं असतं, म्हणून गोष्टही तुकड्यांनीच सांगते.

तारेतून कापली गेले, घासून टोक आलं, आणि कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे आले. काम करताना त्या मला ओठांत धरत. गिऱ्हाइकं हसत, "आज यांचं तोंड शिवलंय वाटतं!"

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी कादंबऱ्या लिहायचा. त्याच्यासाठी त्यांनी अंदाजाने सदरा शिवला. बाही लांब झाली. ती दुमडून त्यांनी मला टोचलं आणि फोन लावला. थोरली लेक, म्हणजे त्याची ताई, शेजारीच बसली होती.

"अरे, एकदा येऊन घालून दाखव. दोन टाके घालायचेत."

"येतो गं आई. एवढं प्रकरण संपू दे."

"तुझ्या गोष्टीतल्या माणसाला आई आहे का रे?"

"आहे की."

"मग तो तरी जातो का तिच्याकडे?"

दोघंही हसले.

*मी रविवारी गेलो. सदरा घातला. आईनं टाचणी काढली, दोन टाके घातले.*

हे त्याच्या कादंबरीतलं पान. त्याच्याखाली मी दुसरं टाचते:

तो आला नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. चौथ्या महिन्यात ताईचा फोन गेला, तेव्हा आला. आई नव्हती. सदरा खुर्चीच्या पाठीवर होता आणि बाहीत मी होते.

तो सदरा घेऊन गेला. कादंबरीतल्या 'मी'ला त्याने स्वतःचा खोकला दिला, घरातला गळका नळ दिला, त्याच्या आईला आपल्या आईचे टाचण्या धरलेले ओठ दिले. रविवार मात्र बनवून दिला. मग एका चिठ्ठीवर 'मी गेलो नाही' असं लिहून, मला बाहीतून काढून त्याने ती त्या पानावर टाचली. काढली. पुन्हा टाचली. पानाला सात वेळा भोकं पडली. छापखान्यात पान गेलं ते चिठ्ठीशिवाय. मला त्याने परत त्याच बाहीत, त्याच भोकांत खुपसलं आणि सदरा खणात ठेवला.

पुस्तक गाजलं. वाचकांची पत्रं आली, "असा मुलगा प्रत्येक आईला मिळो." तो ती वाचायचा आणि माझ्याच खणात, सदऱ्याखाली सारायचा.

एक दिवस ताई पुस्तक घेऊन आली.

"सगळं तुझंच आहे रे यात. फक्त हा रविवार कुणाचा?"

त्याने तिच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"आईनं विचारलं होतं ना, तो तरी जातो का म्हणून?" ताईनं पदरानं डोळे पुसले. "गेला बाई एकदाचा."

त्याने खण उघडला, सदरा घातला. ताईनं सुई ओवली. "हात पुढे कर. दोन टाके तर घालायचेत."

त्याने हात मागे घेतला. "राहू दे ताई. आईनं टाचलंय."

खरं तर शेवटचं त्यानेच टाचलं होतं.

आता माझ्याभोवती कापडावर गंजाचा डाग पसरतोय. मित्रांनो, टाचणी कायमची नसते. कुणी येईपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. तुमच्यासाठी कुणी काही टाचून ठेवलं असेल, तर या रविवारी जा. हात पुढे करा.