एक, दोन, पाल!

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचा नवरा, पालीला जाम घाबरायचे. आणि घरातला फोटोवाला मीच. मग काय, आयतं गिऱ्हाईक! “एक, दोन, पाल!” म्हणायचं आणि बटण दाबायचं. दाजी गच्च डोळे मिटायचे, बाकीचे खो खो हसायचे. लग्नापासून बावीस वर्षं. एक्केचाळीस फोटो.

दाजी अचानक गेले.

ताई म्हणाली, “भिंतीवर लावायला एक दे. डोळे उघडे असलेला.”

एकही नव्हता. ओळखपत्रावरचा नखाएवढा, मोठा केला की डोळ्यांच्या जागी दोन राखाडी चौकोन.

माझ्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर मिटलेले डोळे उघडणं आमचं रोजचंच काम. त्याच माणसाचा दुसरा फोटो नसेल तर कुणाचेही लावायचे. एका नवरदेवाचे लावून पाहिले, दाजी लग्नाळू दिसले. एका हेडमास्तरांचे लावले, दाजी मलाच रागवायला लागले. एरवी मी लोळून हसलो असतो. हात चालत होते, बाकी काही चालत नव्हतं. शेवटी माझे लावले. चपखल बसले.

“बघताहेत माझ्याकडे,” ताई म्हणाली.

मग मी तिच्याकडे गेलो की ती फोटोपाशी माझं गाऱ्हाणं मांडायची. “आला बघा तुमचा लाडका मेहुणा. दाढी नाही, अंघोळीचा पत्ता नाही. तुम्ही गेल्यापासून मेल्याने एक खोडी काढली नाही. काहीतरी बोला त्याला!”

भिंतीवरून मीच माझ्याकडे बघत राहायचो. ढिम्म.

महिनाभराने सांगून टाकलं. “ताई, ते डोळे माझेत.”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले.

“म्हणजे मी इतके दिवस तुझ्याशी बोलतेय?”

“हो.”

“आणि यांचे कुठायत?”

“नाहीत. एकाही फोटोत नाहीत. मी पाल म्हणायचो ना.”

वाटलं, आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“उतरव तो,” ती म्हणाली. “मिटलेला आण.”

मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला.

“रंग तरी आठवतो का रे, यांच्या डोळ्यांचा?”

बावीस वर्षं कॅमेऱ्यातून बघितलेला माणूस. मला सांगता येईना. “काळे?” मी म्हटलं.

“उन्हात घारे दिसायचे,” ती म्हणाली, आणि उशीचा अभ्रा झटकून पुन्हा घडी घालू लागली.