टाळ्या वाजवू नका

ऐका तर. हदगावच्या व्यंकटची मैना म्हणजे वरातीची घोडी. बँड वाजला की पुढचे पाय उचलून अशी नाचायची, की नवरदेव फेट्यासकट गारठायचा. लगीनसराई सरली की नुसती कडबा खात शेतात उभी. मग नांदेडच्या ज्योत्स्ना मॅडम आल्या, फिजिओथेरपीवाल्या. म्हणल्या, "अपंग लेकरांना हिच्यावर बसवू. घोडी चालली की बसणाऱ्याची कंबर हलते, ताठ पाय ढिले पडतात."

व्यंकट म्हणला, "मॅडम, नवरदेवाचं बी तसंच होतं."

झालं, दर रविवारी लेकरं यायला लागली. त्यात धम्मप्रिया, चौदा वर्षांची. पाय जन्मापासून ताठ, कात्रीवानी एकमेकांत अडकणारे, आन् बोलणं लई सावकाश. घरी तिचं वाक्य तिचे पप्पा आनंदराजच पुरं करायचे. ती "पाणी" म्हणली की हे गिलास घेऊन हजर. तिला सांगायचं असायचं, टाकी भरून वाहून राहिली!

मैनावर मात्र तिला लई भारी वाटायचं. व्हीलचेअरमधून माणसांचे पट्टे आन् पोटं दिसायची, घोडीवरून त्यांची डोस्की दिसायची. पण पप्पा कधी आले न्हवते, मम्मी पंचशीलाच आणायची. त्या रविवारी पप्पा आले ते सांगूनच आले, "आज बघतो. पटलं न्हाई तर बंद. वरातीची घोडी ती, लेकरू पडलं तर?"

म्हणजे आज काही बिघडलं, तर खेळ खल्लास.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळी लावून धम्मप्रियाला मैनावर चढवलं. पाठीवर जाड घोंगडी, पुढं दोरी धरून व्यंकट, एका बाजूला मॅडम, एका बाजूला मम्मी. व्यंकटची आई धुरपताबाई बांधावरून वरडली, "अगं नवरी आली, नवरदेव कुठाय?" आन् उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"तो... मागून... पायी... येतो," धम्मप्रिया म्हणली. सगळे हसले. पप्पा न्हाई हसले, हाताची घडी घालून उभे.

एक फेरी झाली. मॅडम म्हणल्या, "आता हात सोड. पसर दोन्हीकडं." धम्मप्रियानं आयाळ सोडली. मॅडमनं हात काढला, मम्मीनं काढला. आन् पोरगी बसली की सरळ! मान वर, हात पंखावानी. आजवर कधी अशी बसली न्हवती.

आन् पप्पांनी काय करावं? टाळ्या! जोरजोरात, डोळ्यांत पाणी आणून. ते बघून धुरपताबाईनं वाजवल्या, बाकीच्या लेकरांच्या आईबापांनी वाजवल्या.

मैनाला वाटलं, वरात निघाली. मान बाकदार केली आन् लागली नाचायला.

"धरा! धरा तिला!" पप्पा धावले. मॅडमनं आन् मम्मीनं मांड्या गच्च धरल्या. व्यंकट बोंबलून राहिला, "आवाज बंद करा!" पण त्याचं ऐकतो कोण? जेवढी बोंब, तेवढी मैना खुशीत. धम्मप्रियानं आयाळ मुठीत आवळली. "ग..." ती म्हणली.

"घाबरली! लेकरू घाबरलं!" पप्पा.

"ग..."

"गळ्याला धर म्हणून राहिली! मॅडम, गळ्याला!"

धम्मप्रियानं छाती भरून श्वास घेतला. "गप्प... बसा... पप्पा!"

सगळं रान चिडीचूप. मैनानं एक ठुमका मारला आन् बँड थांबल्यावर थांबते तशी थांबली.

पप्पा घामानं निथळून राहिले. तिला उतरवायला दोन्ही हात वर केले. "उतर. बास झालं."

"मला..."

पप्पांनी तोंड उघडलं. पंचशीलानं फकस्त त्यांच्याकडं बघितलं. तोंड मिटलं. हात तसेच वर.

"मला... अजून... एक... फेरी... मारायची... हाय."

बोलायला लागला तेवढा वेळ लागला. मग पप्पांनी हात हळूच खाली घेतले आन् व्यंकटला इचारलं, "दोरी कशी धरायची?"

"दोरी माझ्याकडंच राहू द्या. तुम्ही ताईंच्या जागी या. हात लेकीच्या मांडीवर, आन् टाळ्या बिल्कुल न्हाई."

पंचशीला बाजूला सरकली. मैना निघाली, बाजूनं पप्पा, चप्पल ढेकळांत अडकून राहिली तरी चालतच.

"पप्पा... पुढच्या... रविवारी..." धम्मप्रियानं सुरुवात केली.

पप्पांनी ओठ आवळून धरले आन् मुकाट चालत राहिले. पण वाक्य जरा लांबडं होतं. फेरी आधी संपली, म्हणून अजून एक मारावी लागली.