चार नंबरच्या पेटीतला ऑप्टोकप्लर

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढा मी एक जुना ऑप्टोकप्लर आहे. रंगाने काळा, पायांनी चार. नाव तोंडात बसायला अवघड आहे खरं, पण काम सोपं आहे. माझ्या पोटात एका बाजूला एक बारीकसा दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या दिव्याकडे टक लावून बसलेला एक डोळा. दोघांच्या मध्ये तार नाही. दिवा जेवढा उजळतो, तेवढी वीज डोळा पुढे सोडतो. पलीकडची दांडगी वीज अलीकडच्या नाजूक भागांना शिवू नये आणि तरी निरोप मात्र पोचावा, यासाठी मला घडवलं.

जन्मानंतर माझी परीक्षा झाली. एक माप वीज दिव्याला दिली की डोळ्याने एक माप पुढे सोडायची. मी बरोबर एक माप सोडली आणि पास झालो. पुढे मला एका इन्क्युबेटरच्या वीजपुरवठ्याच्या सर्किट-पट्टीवर डाख देऊन बसवलं. इन्क्युबेटर म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी. एका इस्पितळात अशा सहा पेट्या एकाच दिवशी आल्या. माझी चौथी.

माझं काम निरोप्याचं. पेटीला चोवीस व्होल्ट लागत. व्होल्ट वर सरकू लागले की माझा दिवा उजळे, डोळा पलीकडे सांगे, "हात आवर", आणि पुरवठा ताळ्यावर येई. सेकंदाला हजारो वेळा हेच. नऊ वर्षं मी ही नोकरी केली. कितीतरी बाळं आली, बाळसं धरून घरी गेली. कुणी माझं नाव घेतलं नाही, पण मी मनातल्या मनात तोरा मिरवत असे.

मात्र एक गोष्ट मी कुणाला सांगू शकलो नाही. माझा दिवा मंदावत होता. सतत उबेत राहून आणि सतत जळून तो दर वर्षी थोडा थोडा विझत होता. बाहेरून मी होतो तसाच काळा कुळकुळीत. पेटी पुसणाऱ्याला काय कळणार?

मग तो मंगळवार उजाडला.

वॉर्डातली एक सिस्टर सकाळी पेट्यांपाशी फेरी मारत होती. चार नंबरच्या पेटीच्या खिडकीतून हात घालून तिने बाळाच्या तळपायाला स्पर्श केला आणि ती दचकली. पाय गार होते. पेटीचा पंखा बंद, हीटर बंद, पडद्यावरचे आकडे गोठलेले, आणि अलार्म गप्प. तिने बाळ उचलून छातीशी धरलं आणि हाकाटी केली. बाळ वाचलं. पेटीचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तर ती जणू काही झालंच नाही अशी चालू लागली.

इथूनच सिस्टरच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. इस्पितळाच्या यंत्रांचा कारभार बघणारे साहेब म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. बंद पडलं असतं तर अलार्म वाजला असता. तो वाजला, हिने दाबून बंद केला आणि विसरली. दुसरं काय?" त्यांनी तिला नोटीस दिली. चौकशी होईपर्यंत पेट्यांना हात लावायचा नाही, असं बजावून तिला कपड्यांच्या कपाटाशी बसवलं.

पेटी दुरुस्तीच्या खोलीत आली. तिथे एक इंजिनिअरबाई होती आणि गोम अशी, की ती सिस्टरची सख्खी नणंद होती.

"वहिनी, खरं सांग, अलार्म वाजला होता?" तिने जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"ताई, तुमच्या भावाच्या घोरण्यात मला दुधाचं भांडं उतू गेलेलं ऐकू येतं. अलार्म ऐकू येणार नाही?" वहिनीने हसण्याचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे भरून आले. "तो वाजलाच नाही हो."

बाईने पेटी टेबलावर दोन दिवस चालवली. काही बिघडलं नाही. मग तिने संगणकावर सर्किटची नक्कल करणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि आमची सगळी पट्टी पडद्यावर मांडली. माझी जागा आली तेव्हा तिने सॉफ्टवेअरच्या साठ्यातून माझं तयार मॉडेल उचलून बसवलं. मित्रांनो, पट्टीवरून मी ते बघत होतो आणि माझा जीव खालीवर होत होता. त्या मॉडेलमधला मी कालच कारखान्यातून निघालेला होता. एकाला एक देणारा.

नक्कल चालली. पडद्यावर चोवीस व्होल्टची सरळ रेघ उमटली. बाईने तापमान वाढवून पाहिलं, तरी रेघ हलली नाही.

साहेब दारात उभे होते. "टेबलावर ठीक, संगणकावर ठीक. आता अडलंय कुठे? आज जुळी बाळं जन्माला यायची आहेत. चार वाजता मला ही पेटी वर हवी."

"अजून थोडा वेळ द्या साहेब."

"वेळ कशाला हवाय ते मला समजतं हो. वहिनीला वाचवायचंय तुम्हाला."

बाईचा चेहरा उतरला. साहेब गेल्यावर तिने वॉर्डात फोन लावला. "वहिनी, पेटी बंद पडली तेव्हा बाळ कसं होतं? आधीचं सांग."

"आधी? आधी चांगलं उबदार झालं होतं. हीटरचा दिवा नुकताच विझला होता. बाळाला पुरेशी ऊब मिळाली की विझतो ना, तसा."

बाई खुर्चीत ताठ बसली. दुरुस्तीच्या गार खोलीत दोन दिवसांत हीटर एकदाही विझला नव्हता. हीटर बंद म्हणजे पुरवठ्यावरचा भार एकदम हलका. अशा वेळी व्होल्ट उसळी घेतात आणि निरोप्याला सर्वांत मोठ्याने ओरडावं लागतं. तिने पट्टीवर बोट फिरवलं. ते माझ्यापाशी थांबलं.

डाख वितळवून तिने मला उपटलं. नऊ वर्षांनी मी मोकळा झालो, पण आनंद कसला! तिने मला मीटर लावला. एक माप वीज दिली. मी जिवाच्या आकांताने जेवढी सोडता आली तेवढी सोडली. मीटरने पाव दाखवली. मग तिने माझ्यावर गरम हवा सोडली, आणि पावाचीही अर्धी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे देवा," ती पुटपुटली. "तू तर पार थकलायस."

माझं खरं माप तिने मॉडेलमध्ये घातलं आणि नक्कल पुन्हा चालवली. रेघ चोवीसवर सरळ निघाली. हीटर बंद होण्याचा क्षण आला आणि रेघ वर चढू लागली. पंचवीस. सत्तावीस. तीस. तीस व्होल्टला पेटीचा नियंत्रक, म्हणजे तिचा मेंदू, स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि अलार्म वाजवायचं काम त्याच नियंत्रकाचं. वीज गेली तर वाजायची वेगळी सोय होती. पण वीज गेलीच नव्हती.

वहिनी खरं बोलत होती. बाईच्या ओठांवर हसू येऊ लागलं आणि तिथेच थिजलं. सहा पेट्या एकाच दिवशी आल्या होत्या. उरलेल्या पाच वर होत्या, आणि पाचहीत बाळं होती.

तिने फोन उचलला. लाइन व्यस्त. तिने मला ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि जिन्याकडे धाव घेतली. खिशाच्या अंधारात मला फक्त तिच्या चपलांचा आवाज आणि धाप ऐकू येत होती. वॉर्डात पोचल्यावरचं मी खिशाच्या फटीतून पाहिलं.

"वहिनी! कुठल्या पेटीचा हीटर बंद व्हायला आलाय?"

पेट्यांना हात लावायला बंदी होती, पण नजर कोण बांधणार? वहिनीने तिथूनच सांगितलं, "दोन नंबर. एक-दोन मिनिटांत."

"खिडकी उघड तिची! गार हवा जाऊ दे आत. हीटर चालू राहायला हवा. सगळ्यांच्या खिडक्या उघडा! आणि बाळांच्या आयांना बोलवा."

वहिनीने नोटिशीची पर्वा केली नाही. तिने दोन नंबरची खिडकी उघडली, बाळ अलगद बाहेर काढलं आणि त्याच्या आईच्या उघड्या छातीवर ठेवून वर दुलई घातली. मग एक नंबर. मग तीन. पाच नंबरचं बाळ वितीएवढं होतं, त्याला नळ्या लावलेल्या होत्या. ते उचलताना सगळा वॉर्ड श्वास रोखून होता. "हळू, हळू गं बाई," त्याची आई म्हणाली. ते आईच्या अंगाला लागलं तेव्हा सहा नंबरचं बाळही बाहेर आलेलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. "हा काय गोंधळ चालवलाय? कुणाला विचारून पेट्या रिकाम्या केल्या?"

बाईने रिकाम्या दोन नंबरची खिडकी लावून टाकली. "साहेब, फक्त इथे उभे राहा."

पेटी तापत गेली. हीटरचा दिवा विझला. सगळे बघत राहिले. अर्धं मिनिट पंखा घुमत होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहून तोंड उघडलं, आणि पंखा थांबला. आकडे गोठले.

आता अलार्म वाजायला हवा होता. सगळ्यांनी कान टवकारले. एक मिनिट गेलं. एक बाळ आईच्या छातीवर कुरकुरलं, तेवढाच आवाज. अलार्म वाजला नाही.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "हे असं झालं होतं त्या दिवशी?"

"हो," वहिनी म्हणाली.

चार वाजायच्या आत बाईने दोन पेट्यांमध्ये नवे ऑप्टोकप्लर बसवले आणि जुळ्यांची सोय झाली. बाकीच्या चार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरकल्या; तोवर पाचही बाळं आयांच्या छातीशी उबेत राहिली. काढलेल्या माझ्या पाच भावंडांना मी टेबलावर भेटलो. कुणी पाव, कुणी तिसरा हिस्सा. सगळ्यांची तीच गत.

संध्याकाळी साहेब नोटीस घेऊन वॉर्डात गेले. बाई तिथेच होती आणि मी पुन्हा तिच्या खिशात. "ही मी फाडून टाकतो," ते म्हणाले.

"फाडू नका साहेब," वहिनी म्हणाली. "माझं नाव त्यावर लिहिलंय ना? मग त्याच कागदावर त्याखाली लिहा काय झालं होतं ते. आणि सही करा."

कुणीतरी पेन पुढे केलं आणि साहेबांनी उभ्या उभ्या लिहिलं.

मित्रांनो, आता मी एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. खाली बाईने लिहिलंय, "वय नऊ वर्षं, एकाला पाव." नवीन कुणी शिकायला आलं की ती आधी मला दाखवते आणि मग सांगते, "मॉडेलमध्ये भाग बसवताना त्याचं वय विचारा." मला काम नाही आणि पूर्वीसारखा आबही नाही, पण आता माझी लाज वाटत नाही. थकणं हा माझा गुन्हा नव्हता. मी थकलोय हे बघायला नऊ वर्षांत कुणी आलं नाही, एवढंच माझं दुःख.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात मुकाट्याने राबणाऱ्या वस्तू असतील. त्या चालतायत म्हणून त्या धडधाकट आहेत असं धरून चालू नका. अधूनमधून उघडून बघा, मोजा. आणि यंत्र एक सांगत असेल आणि रोज त्याच्यापाशी उभं राहणारं माणूस दुसरं सांगत असेल, तर माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा यंत्र तपासा.